नावे बाकी

आमच्या आजोबांचं उटनूरला दुकान होतं. मीठ, मिरची, तंबाखू, घासलेट, लुगडी, धोतरं, बियाणं, आणि अडीअडचणीला रोख पैसे. मूळचे आम्ही किनवटकडचे सैतवाळ जैन. आजोबा १९४४च्या सुमारास उटनूरला आले. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे परमुलखात आलो असं त्यांना वाटलंच नाही. गोंड गिऱ्हाईक बाहेरच्या माणसाशी मराठीतच बोलायचं. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट नांदेड जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात गेलं, उटनूर आंध्र प्रदेशात राहिलं. आमचे निम्मे सोयरे आणि गोंडांचेही निम्मे सोयरे सीमेपलीकडे गेले.

दुकान बंद होऊन आता चाळीस वर्षं झाली. मागे राहिल्या त्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या. आदिलाबादच्या घरी त्या माळ्यावर असत. दिवाळीला आई खाली काढून पुसायची, हळदकुंकू लावायची, परत वर ठेवायची. वाचत कोणी नसे, कारण सगळं मोडीत. मी इतिहासाच्या अभ्यासापायी मोडी शिकले, म्हणून घरात ती वाचता येणारी मी एकटी. हे भाग्य म्हणावं की काय, ते पुढे सांगते.

खतावणीत एकेका गोंड घराचं पान आहे. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा. पान नीट वाचलं तर त्या घराचं अख्खं वर्ष समोर येतं. ज्येष्ठात बियाणं, सवाईनं. भाद्रपदात खायला ज्वारी, घरातली संपली म्हणून. पौषात नागोबाच्या जत्रेसाठी लुगडं. वैशाखात लग्न, त्यासाठी रोख. मधेच कुठेतरी एकदम जास्तीचं मीठ आणि कापड, म्हणजे घरात कोणी गेलं असणार. जमा बाजूला ज्वारी, तीळ, एरंडी, डिंक, चारोळी. सवाई म्हणजे मणाला सव्वा मण परत. दुष्काळात तीच दिढी व्हायची. खाली एक ओळ ठरलेली, ‘बाकी पुढे ओढली’. ती बाकी बापाच्या पानावरून मुलाच्या पानावर येते.

एक गोष्ट मात्र वहीत कुठेच नाही. मध नाही आणि मोहाची फुलं नाहीत. रानचा सगळा माल आमच्या दुकानी यायचा, पण मध आणि मोह आजी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. मद्य, मांस, मधु हे तिन्ही श्रावकाला वर्ज्य. मधमाशीचा जीव आमच्या घरानं इतक्या काळजीनं जपला. सवाईबद्दल मात्र कुठला नियम आडवा आला नाही. आजीला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ती गोंड बायकांना मापात कधी कमी देत नसे, हे मला सांगणाऱ्या बायका मी स्वतः भेटले आहे. पण माप बरोबर असलं की दर बरोबर असतोच असं नाही.

*

त्याच काळात, त्याच माणसांबद्दल, उटनूरपासून थोड्या अंतरावर दुसरी एक वही लिहिली जात होती. लिहिणारा होता क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो हिंदुस्थानात होता आणि जवळ पासपोर्ट जर्मन. इंग्रजांच्या लेखी तो शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. तिथे त्यानं आधी नल्लमलाच्या रानातल्या चेंचूंचा, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींचा अभ्यास केला, आणि १९४१मध्ये तो आदिलाबादच्या गोंडांकडे वळला. त्याची बायको एलिझाबेथ, सगळे तिला बेटी म्हणत, प्रत्येक मुक्कामी त्याच्याबरोबर होती. उटनूरहून जैनूरकडे जाताना मारलवाई नावाचं गाव लागतं. तिथे दोघांनी गवताच्या छपराचं घर केलं आणि राहिले.

निजाम सरकारला गोंडांची एवढी काळजी का वाटली, हेही लक्षात घ्यायला हवं. आधीच्या दोन दशकांत रानं ‘राखीव’ होत गेली होती. ज्या जमिनी गोंड पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून कसत होते त्या एकदम जंगलखात्याच्या हद्दीत गेल्या, काही वस्त्या उठवल्या गेल्या. रस्ता झाला तशी बाहेरची माणसं आली. त्यांना पट्टा म्हणजे काय ते ठाऊक होतं, कचेरी ठाऊक होती. गोंडाला दोन्ही ठाऊक नव्हतं. कुमरम भीम यानं बाबेझरीच्या डोंगरात माणसं जमवली आणि १९४० साली जोडेघाटला तो पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. त्यानंतर सरकारला प्रश्न पडला की ही माणसं बिथरली कशानं. गोळीनं जे कळलं नाही ते कळून घ्यायला अभ्यासक बोलावला गेला. सत्तेनं माणसं समजून घ्यायला निघावं आणि आधी एखादा बळी पडावा, असं इतिहासात वारंवार दिसतं.

हायमेनडॉर्फ यानं काय पाहिलं? वंशावळी लिहिल्या. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे सगे कसे ठरतात, पेर्सा पेनची पूजा कोण करतो, परधान किकरी वाजवून कुणाच्या कुळाची कथा कुणाच्या दारात गातो, हे सगळं टिपलं. आमच्या आजोबांच्या वहीत ज्या माणसाचं फक्त एकेरी नाव, बापाचं नाव आणि गाव आहे, त्याचं कूळ, त्याचा देव, त्याची सोयरीक या दुसऱ्या वहीत आहे. उलट या माणसाला भाद्रपदात किती ज्वारी कमी पडली, हे आजोबांच्या वहीत आहे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर एक पुरा माणूस होईल. पण त्या कधी शेजारी आल्या नाहीत.

*

या सगळ्याला तेव्हा कोणी मानसशास्त्र म्हटलं नाही. आज ज्याला समुदाय-मानसशास्त्र म्हणतात ती शाखा या नावानं उभी राहिली १९६५मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्वॉम्पस्कॉट इथल्या परिषदेत. एकेकट्या माणसाच्या डोक्यात दुखणं शोधण्याआधी तो ज्या वस्तीत राहतो तिथली शाळा, दवाखाना, बाजार, पंचायत बघा, असा तिचा साधारण आग्रह. पुढे सेमूर सारासन यानं १९७४मध्ये ‘आपलेपणाची जाणीव’ हाच या शाखेचा गाभा मानला, आणि १९८६मध्ये मॅकमिलन व चॅव्हिस या दोघांनी तिचे चार भाग सांगितले: आपण इथले आहोत ही खात्री, आपल्या बोलण्याला इथे वजन आहे हा विश्वास, आपल्या गरजा इथे भागतात हा अनुभव, आणि सुखदुःखाचा सामायिक धागा.

पण या शास्त्राची एक वाट त्याच्याही आधी व्हिएन्नाजवळूनच निघते. तिथे मारिएनथाल नावाची गिरणीवस्ती होती. १९२९-३०च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी १९३१-३२मध्ये तिथे अभ्यास केला, १९३३मध्ये पुस्तक आलं. रिकामा वेळ भरपूर, वाचनालयाची वर्गणीही माफ, तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. खिडकीआडून त्यांनी लोकांच्या चालीचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत चालत, वाटेत थांबत. बायका भराभर चालत, कारण गिरणी बंद पडली तरी चूल बंद पडत नाही. हे वाचताना मला आमच्या आजीची चाल आठवली.

त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. त्या चमूनं ठरवलं होतं की आपल्यातला कोणीही नुसता बघ्या म्हणून गावात राहणार नाही. प्रत्येकानं गावाच्या उपयोगाचं काही करायचं. म्हणून त्यांनी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, वर्ग घेतले. माहिती घ्यायची तर काही द्यायचं. हायमेनडॉर्फ त्याच शहरात त्याच वर्षांत शिकत होता. त्यानं हे तिथून घेतलं असं मी म्हणत नाही. पण मारलवाईत जे झालं ते याच जातीचं होतं.

*

१९४३मध्ये मारलवाईला गोंडांसाठी शाळा आणि शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. शिक्षक बाहेरून आणायचे नाहीत, गोंडांतूनच घडवायचे, हे ठरलं. पण शिकलेला गोंड मिळणार कुठे? शोधाशोध करून थोडंफार लिहिता-वाचता येणारी जी मोजकी माणसं मिळाली त्यांना अक्षरओळख होती ती मराठीची. म्हणून गोंडीची पहिली पुस्तकं देवनागरीत झाली. मूल आधी आपल्या भाषेत वाचायला शिकेल, मग इतर भाषांकडे जाईल, असा तो क्रम. त्या काळच्या मानानं हा विचार फारच पुढचा होता. शिक्षक गावचा, कुळाचा, जत्रेत भेटणारा. शाळा ही सरकारची गोष्ट न राहता घरची झाली.

त्याचबरोबर जमिनीचे पट्टे देण्याचं काम झालं आणि फसली १३५६मध्ये, म्हणजे १९४६ साली, आदिवासी भागासाठी वेगळा नियम निघाला. पट्टा म्हणजे कागद, पण त्या कागदानं गोंड माणूस कचेरीत उभा राहू लागला.

या कामात एक मराठी माणूसही होता. सेतुमाधवराव पगडी. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे आणि मोगल-मराठा संघर्षाचे इतिहासकार म्हणून ओळखतात. निलंग्याला जन्मलेले, हैदराबादच्या मुलकी सेवेतले अधिकारी. आदिलाबादेत असताना ते गोंडी शिकले, कोलामी शिकले, दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली, आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अधिकारी बदलून येतो आणि बदलून जातो. मधल्या काळात त्यानं समोरच्याची भाषा शिकावी, ही साधी गोष्ट किती जण करतात? आमचे आजोबा चाळीस वर्षं उटनूरला राहिले. गोंडीत त्यांना आकडे येत होते, धान्यांची नावं येत होती आणि ‘दे’ येत होतं.

तरी अभ्यासकालाही सगळं दिसतं असं नाही. गोंडीला लिपी नाही असं सगळे धरून चालले होते. मग गेल्या वीसेक वर्षांत नारनूरकडच्या गुंजाला गावातली जुनी हस्तलिखितं प्रकाशात आली, गोंडीच्या स्वतंत्र लिपीत लिहिलेली. ती लिपी २०१८मध्ये युनिकोडमध्येही गेली. मारलवाईपासून हे गाव फार लांब नाही. तिथे देवनागरीत पुस्तकं छापली जात होती तेव्हा गुंजालात कुणाच्या तरी घरी ती पानं फडक्यात बांधलेली होती. आमच्या मोडी वह्यांसारखीच. माणसं आपल्या घरातलं सगळं विचारणाऱ्याला दाखवत नाहीत, हे मी तेव्हापासून गाठीला बांधलं.

*

केसलापूरच्या नागोबाची जत्रा पुष्यातल्या अमावास्येला भरते. मेसराम कुळाची माणसं त्याआधी अनवाणी गोदावरीपर्यंत चालत जाऊन पाणी आणतात, त्या पाण्यानं देवाला अभिषेक होतो. कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुना पांढऱ्या लुगड्यात, तोंड झाकून, देवाला भेटतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. भेट झाली की सून त्या कुळाची, मगच पूजेत तिचा भाग. परक्या घरून आलेली मुलगी सगळ्यांच्या देखत ‘आपली’ होते. चार भागांतला पहिला भाग तिथे पुस्तकाशिवाय शिकवला जातो.

त्याच जत्रेत दरबार भरतो. ही प्रथा हायमेनडॉर्फच्या काळात, १९४०च्या दशकात सुरू झाली. जिल्ह्याचे अधिकारी देवाच्या दारी येऊन बसतात आणि लोक पट्टा, पाणी, रस्ता, दवाखाना यांची गाऱ्हाणी सांगतात. कचेरी गोंडापर्यंत येते, आणि येते ती त्याच्या सोयरिकीच्या जागी, त्याच्या पंचांसमोर. नवा हॉल बांधण्याऐवजी माणसं जिथे आधीच जमतात तिथे सरकारनं जावं, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट.

हे चार भाग मी एकदा आमच्या दुकानाला लावून बघितले. गरज भागायची? हो, मीठ आमच्याकडेच मिळायचं. सुखदुःख माहीत होतं? वहीत तारखेसकट. बोलण्याला वजन? दर आजोबा सांगायचे. आणि आपलेपण? आमच्या मंदिरात, आमच्या पंगतीत, पर्युषणाच्या दहा दिवसांत, आम्ही बाजारातली चारपाच घरं एकमेकांची होतो. साधर्मिकाचं दुकान बुडू लागलं तर बिनव्याजी पैसे उभे राहायचे, वही न काढता. तीच माणसं दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसून सवाई लिहायची. कोणी क्रूर नव्हतं. ‘आपली माणसं’ कुठपर्यंत, ती रेघ फक्त ठरलेली होती.

*

१९५६नंतर शाळांत तेलुगू आली. राज्याची भाषा ती, त्यात गैर काही नाही. पण गोंडीतून शिकवणं मागे पडलं, आणि मराठीवर तयार झालेले ते गोंड शिक्षक आपल्याच शाळेत अडाणी ठरू लागले. बाहेरून येणाऱ्यांचा ओघ वाढला. जमिनी पुन्हा सरकू लागल्या. आदिवासी क्षेत्रातल्या जमिनीचं हस्तांतर रोखणारा १९५९चा नियम १९६३मध्ये तेलंगणाला लागू झाला आणि १९७०च्या दुरुस्तीनं बिगर-आदिवासीकडे जमीन जाण्याची वाट पूर्णच बंद केली. कागदावर.

हायमेनडॉर्फ १९७०च्या दशकात पुन्हा आला, पुन्हा पाहिलं, आणि १९८२च्या पुस्तकाच्या नावातच ‘तगून राहण्याची झुंज’ असे शब्द आले. मधे २० एप्रिल १९८१ येऊन गेला होता. त्या सोमवारी इंदरवेलीला आठवडी बाजार आणि गोंडांची सभा. सभेची परवानगी रद्द झाली होती, पण रानातून निघालेल्यांना ते कळायचं कसं? पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांचा सरकारी आकडा १३, हक्क संघटनांनी सांगितलेला त्याच्या कित्येक पट. मी तेव्हा लहान होते. आठवतं ते एवढंच की दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, आणि आजी आतल्या खोलीत णमोकार म्हणत बसली होती. वडील आजोबांना हळू आवाजात विचारत होते, ‘आपल्या पानांवरचं कोणी होतं का?’ उत्तर मला ऐकू आलं नाही. तीन वर्षांनी दुकान बंद झालं.

बेटी १९८७मध्ये हैदराबादला वारली. तिला मारलवाईला पुरलं आहे. हायमेनडॉर्फ १९९५मध्ये लंडनला गेला, त्याच्या अस्थी २०१२मध्ये तिच्याशेजारी आणून ठेवल्या. दर जानेवारीत तिथे लोक जमतात. व्हिएन्नाहून आलेला माणूस मारलवाईच्या मातीत ‘आपला’ म्हणून आहे. आम्ही तर किनवटहून आलो होतो.

*

आता त्या पानाबद्दल. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. बी.एड. झालेला, मराठी माझ्यापेक्षा गोड. म्हणाला, ‘बाई, आमचे आजोबा म्हणायचे, आमचं शेत सावकाराच्या वहीत आहे. वही आहे का अजून?’ शेत आज तिसऱ्याच कुणाच्या ताब्यात होतं. ते मुळात गोंडाचं होतं, कधी आणि कसं गेलं, याचा कागद त्याला हवा होता.

मी माळ्यावर चढले. दोन रात्री लागल्या. १९६६ सालच्या खतावणीत सापडलं. नावे बाकी अमुक, ‘बाकीपोटी नाल्याकडील शेत ठेवले, वहिवाट आमची’. १९६६, म्हणजे नियम लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी. खाली आजोबांची सही, आणि त्याच्या आजोबांचा अंगठा. पुढच्या एका पानावर काकांनी ते शेत दुसऱ्याला दिल्याची नोंद.

भाऊ म्हणाला, ‘घरातली वही बाहेर कशाला? आजोबांचं नाव जाईल.’ त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. आजोबांनी आम्हाला शिकवलं, त्याच गल्ल्यातून. पण आमच्याकडे ‘आलोचना’ या शब्दाचा अर्थ दुसऱ्यावर टीका असा नाही. आपला दोष, आपल्या तोंडानं, गुरूसमोर, काही न लपवता सांगणं. दरवर्षी आम्ही ती म्हणतो. एकेंद्रिय जीवांपासून पंचेंद्रियांपर्यंत सगळ्यांची क्षमा मागतो. सवाईवाल्या पानांची मागत नाही.

मी पान वाचून देवनागरीत उतरवलं, खाली सही केली आणि मूळ वही घेऊन त्या तरुणाबरोबर सुनावणीला गेले. समोरच्या वकिलानं विचारलं, तुमचा यात काय संबंध? म्हटलं, ‘ही वही माझ्या घरची. हे अक्षर माझ्या आजोबांचं.’ अधिकाऱ्यानं मोडीचं पान उलटसुलट करून बघितलं आणि पुढची तारीख दिली. तारखा अजून चालू आहेत.

परतताना त्या तरुणानं विचारलं, वहीत आणखी कुणाकुणाची पानं आहेत? मी मोजली. आमच्या वह्यांत चाळीस गावं आहेत. आता दर रविवारी मी एकेक गाव देवनागरीत उतरवते आहे, आणि तो त्या गावी जाऊन विचारतो की या नावाचं कोणी आहे का. कूळ कोणतं, देव किती, हे तो पानाच्या कडेला आपल्या अक्षरात लिहितो. एकोणीस गावं झाली आहेत.